पाव आटा

"चालतंय काय रे ते?" काकूंनी विचारलं.

मी हातातलं मशीन उलटं केलं, तळाच्या स्क्रूंकडे उगाच निरखून पाहिलं आणि म्हणालो, "नाही हो काकू. ह्याचं आता काही होत नाही. झालेच तर आतले दोन-चार सुटे भाग कामाला येतील."

बेळगावच्या शहापुरातलं ते घर रिकामं होत होतं. पुढच्या दोन खोल्यांत पूर्वी माग होते. ते विकून बरीच वर्षं झाली, तरी फरशीतून त्यांचे बोल्ट अजून वर आलेले होते आणि चालताना दोनदा माझ्या अंगठ्याला लागले. सुताची बारीक धूळ कोपऱ्याकोपऱ्यात अशी बसलेली की झाडू तिथवर पोचून कंटाळून परत आला असावा. काका जाऊन चार वर्षं झाली होती. काकू आता टिळकवाडीत तिसऱ्या गेटजवळ लेकीच्या फ्लॅटवर राहायला जाणार, म्हणून माळ्यावरचं सगळं खाली उतरवलेलं. माझ्या ओळखीच्या भंगारवाल्याने मला फोन केला होता, "बटणांचं काहीतरी आहे बघा, तुमच्या टाईपचं." जिन्याखाली साडीच्या दुकानाच्या पिशवीत ते होतं: काळं कुळकुळीत मशीन, त्याचा जड अडॅप्टर, एक मोनो टेपरेकॉर्डर, आणि सुतळीने बांधलेल्या नऊ कॅसेटी.

मला बघताक्षणी कळलं होतं काय आहे ते. क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीने १९८२ साली काढलेला घरगुती कॉम्प्युटर झेडएक्स स्पेक्ट्रम, त्याचं १९८४ मधलं कडक बटणांचं रूप म्हणजे स्पेक्ट्रम प्लस, आणि परवाना घेऊन १९८६ पासून डेसिबेल्स कंपनीने आपल्याकडे विकलेली त्याची देशी आवृत्ती, डीबी स्पेक्ट्रम. जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्या कुणालाही हे असं पिशवीत सापडलं तर त्याच्या तोंडाला कोरड पडेल. माझ्या पडली. मी घसा खाकरून म्हणालो, "पाचशे देतो सगळ्याचे."

"पाचशे?" काकूंनी माझ्याकडे कीव करावी तसं पाहिलं. "बंद पडलेल्या वस्तूचे पाचशे कशाला? तीनशे दे."

मी तीनशे रुपये दिले.

वर चहा घेतला. ताकही घेतलं. मशीन चालतं की नाही हे मला त्या क्षणी खरंच ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी बोललो ते काही अगदी खोटं म्हणता येणार नाही, असं मी घरी येताना गोवावेसपर्यंत स्वतःला सांगत होतो. पुढे ते पटेनासं झालं. चालत नसतं तरी त्याची किंमत तीनशे नव्हती, हे मला माहीत होतं आणि काकूंना माहीत नव्हतं, आणि हा फरक मी खिशात घालून आलो होतो. ह्या छंदात हे सगळेच करतात. आपसांत आम्ही अशा गोष्टी फुशारकीने सांगतो सुद्धा. अमुक वस्तू अमक्या रुपयांत काढली, तमक्याला काय पत्ताच नव्हता. ही गोष्ट मात्र मी महिनाभर कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही.

बायकोचं म्हणणं, मी घराची गुजरी केलीय. ह्या शब्दाची एक गंमत आहे. इथून शंभरेक किलोमीटरवर कोल्हापुरात गुजरी म्हणजे सोन्याचांदीच्या दुकानांची गल्ली. आमच्याकडे कानडीत गुजरी म्हणजे भंगार. त्यामुळे ती हे नेमक्या कुठल्या अर्थाने म्हणते असं मी तिला विचारतो, आणि ती उत्तर देत नाही. मागच्या खोलीतल्या कपाटात सध्या तीन टीव्ही गेम आहेत, त्यांतले दोन चालतात. एक सेगा मेगा ड्राइव्ह आहे, शॉ वॉलेसने १९९५ मध्ये भारतात आणलेला. त्याची तेव्हाची किंमत होती १८,००० रुपये. माझ्या वडिलांच्या पगाराच्या हिशेबात ती किंमत इतकी अशक्य होती की तो मागण्याचाही विचार आमच्या घरात कुणाच्या मनात आला नाही. म्हणूनच असेल, तीस वर्षांनी तो मिळाला तेव्हा मला विशेष काही वाटलं नाही. ज्याची हौसच कधी धरली नव्हती, ते मिळून काय होणार? कपाटात आहे, पुसून ठेवतो.

हौस होती ती दुसऱ्याच डब्याची. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये फॅमिकॉम बाजारात आणला, आणि आमच्या गल्लीत नव्वदीत पोचली ती त्याची तैवानी-चिनी नक्कल. नाव काहीही असो, आम्ही त्याला 'टीव्ही गेम' म्हणायचो, कार्ट्रिजला 'कॅसेट' आणि कंट्रोलरला 'रिमोट'. कॅसेटवर लिहिलेलं असायचं नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेम, आणि निघायचे सात-आठ. पुढचे सगळे तेच, फक्त मारिओ आधीच चौथ्या लेव्हलला उभा. रविवार पेठेच्या मागे एका किराणा दुकानदाराने आतल्या खोलीत दोन पोर्टेबल टीव्ही मांडले होते. तासाला पाच रुपये. तिथला वास अजून नाकात आहे: गोडेतेल, गूळ आणि तापलेल्या टीव्हीवरची जळकी धूळ. टीव्हीच्या काचेजवळ हात नेला की दंडावरची लव उभी राहायची. चित्राऐवजी मुंग्या आल्या की दुकानदार कॅसेट उपसायचा, आम्ही सगळे एकाच वेळी पुढे वाकायचो, आणि फुंकर मारायचा मान ज्याचा तास चालू असेल त्याचा. आता मला कळतं की फुंकरीने काहीच होत नव्हतं. कॅसेट काढून परत घातली की साठ पिना नव्याने घासून बसायच्या, तेवढाच काय तो गुण. तोंडातल्या वाफेने उलट पिनांना गंज चढायचा. पण फुंकर न मारता कॅसेट घालणारा पोरगा मी अजून बघितला नाही.

काँट्रा गेममध्ये तीस जीव मिळवायची एक किल्ली होती. ती मूळची जपानी, कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रॅमरची. १९८६ मध्ये ग्रेडियस गेम फॅमिकॉमवर आणताना तो त्यालाच झेपेना, म्हणून त्याने स्वतःच्या सोयीसाठी ती घातली आणि काढायची राहून गेली. मला ती शिकवली एका लिंगायत घरातल्या मित्राने, कानडीत: म्याल म्याल, केळग केळग, एड बल एड बल. वर वर, खाली खाली, डावं उजवं डावं उजवं. त्यापुढे बी आणि ए. शाळेत मला कानडीचा पेपर कधी धड गेला नाही, पण दिशा मात्र पक्क्या झाल्या. आजही बसमध्ये कुणी 'बल' म्हटलं की माझा उजवा अंगठा किंचित हलतो.

आणि टीव्ही गेमची ती बदकं मारायची बंदूक. ती आता नव्या टीव्हीवर चालत नाही, हे सांगितलं की लोक म्हणतात बंदूक बिघडली असेल. बिघडलेली नसते. चाप ओढला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि फक्त बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीच्या नळीत एक प्रकाश ओळखणारा डोळा आहे, त्याला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर बदक पडलं. म्हणजे गोळी झाडतो टीव्ही, आणि बंदूक ती झेलते. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे सगळं त्याच क्षणी घडतं. सपाट टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीने डोळा मिटलेला असतो. त्यासाठी मी एक चौदा इंची जुना कलर टीव्ही जिवापाड सांभाळून ठेवलाय. आमचे एक टीव्ही मेकॅनिक मामा आहेत, पांगुळ गल्लीच्या मागे बसतात. ते दर वेळी त्याची ट्यूब बघून मान हलवतात. "दोन वर्षं," म्हणतात. हे ते गेली सहा वर्षं म्हणताहेत.

तर स्पेक्ट्रम. मी तो आधी मामांकडेच नेला, कारण ह्या मशीनने माझा एकदा घात केलेला आहे. त्याला नऊ व्होल्ट लागतात, पण पिनेत मधला मायनस आणि बाहेरचा प्लस, आपल्या बहुतेक अडॅप्टरच्या बरोबर उलटं. पूर्वी एकदा पुण्याहून आणलेल्या स्पेक्ट्रमला मी उत्साहाच्या भरात घरातला एलिमिनेटर लावला होता. आवाज काही झाला नाही. नुसता वास आला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. ह्या वेळी मामांनी मीटर लावल्याशिवाय मी बटणाला हात लावला नाही. काकांचा मूळ अडॅप्टर ठीक होता. आतले कपॅसिटर फुगले होते; उघडल्यावर मासळी बाजारासारखा जो वास येतो तो आला. बटणांखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात, त्यांच्या दोन शेपट्या बोर्डात खोचलेल्या. त्या मी नुसत्या वर उचलल्या आणि पापडासारख्या मोडल्या. ते अपेक्षितच होतं, सगळ्या स्पेक्ट्रमांचं हे असंच होतं. नवीन पापुद्रे अजूनही तिकडे कुणीतरी बनवतं, मागवले. कस्टममध्ये ते तीन आठवडे बसून राहिले, तेवढ्यात मी कपॅसिटर बदलले आणि टीव्हीला जाणारी वायर थेट करून घेतली. मग एका रविवारी मामांच्या दुकानात, वर पंखा खडखडत असताना, पडदा आधी काळा झाला, मग पांढराशुभ्र, आणि तळाशी कॉपीराइटची एक ओळ उमटली.

"नडीतैत नोडू!" मामा म्हणाले. चालतंय बघ.

मी मान डोलावली. मला काकूंचा प्रश्न आठवला, आणि मामांना कळेना की मी खूश का होत नाही.

ह्या मशीनचे प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर आवाज म्हणून भरलेले असतात. त्या नऊ कॅसेटींवर काकांच्या अक्षरात लेबलं होती. निळ्या बॉलपेनने, ठसठशीत: काठ १, काठ २, काठ ३ सुधारित, बुट्टी लहान, बुट्टी मोठी, पदर मोर. काका उद्यमबागेत एका फाउंड्रीत ड्राफ्ट्समन होते आणि घरात दोन माग, एवढं मला माहीत होतं. हे काय प्रकरण आहे ते कळेना. मी माझा चांगला, दुरुस्त केलेला टेप जोडला, लोड म्हटलं, प्ले दाबलं. ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही. आधी पाचेक सेकंद एक सपाट सूर, आणि मग मांजर आणि करवत यांचं भांडण. शून्यासाठी सेकंदाला साधारण दोन हजार कंपनं, एकासाठी त्याच्या निम्मी; मशीन बिचारं ती मोजत बसतं. काठ १ ने थोड्याच वेळात मान टाकली. आर टेप लोडिंग एरर. काठ २ ने तेच केलं, आणि बुट्टी लहानने तेच. आवाज कमीजास्त करून बघितला, हेड स्पिरिटने पुसलं. काही नाही. दोन आठवडे मी असे घालवले, आणि मनातून थोडं बरंही वाटत होतं, खोटं का सांगू. कॅसेटी चालल्या नाहीत तर मी बोललो ते निदान अर्धं खरं ठरत होतं.

मग एकदा सहज काकांचाच टेप उघडला. त्याचा पट्टा वितळून डांबर झाला होता. सगळ्या चाकांना काळा चिकटा, तो काढायला कानकाड्यांचं अख्खं पाकीट गेलं. मामांच्या डब्यातून नवा पट्टा मिळाला. तेव्हाच मला हेडच्या शेजारचा तो छोटा स्क्रू दिसला. त्यावर लाल रंगाचा एक थेंब वाळलेला होता. कारखान्यात असा थेंब टाकतात, स्क्रू हलू नये म्हणून, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. कॅसेट घातली, प्ले दाबलं, आणि काठ १ पहिल्या झटक्यात लोड व्हायला लागली.

हेडला एक बारीक फट असते, केसाहून पातळ. टेप तिच्यासमोरून बरोबर काटकोनात जायला हवी. फट किंचित तिरकी झाली की बारीक, वरचे स्वर खाल्ले जातात. ह्याला अझिमथ म्हणतात. काकांच्या टेपची फट तिरकी होती. त्या तिरक्या फटीने त्यांनी सगळ्या कॅसेटी भरल्या होत्या आणि त्याच तिरक्या फटीला त्या वाचता येत होत्या. माझ्या सरळ टेपला ते अक्षर लागत नव्हतं. कडेला लाल-आकाशी पट्टे सरकले, मग निळे-पिवळे, थरथरत, आणि मी अगदी लहान मुलासारखा जमिनीवर मांडी घालून बसून राहिलो. स्पेक्ट्रमच्या चित्राभोवती ही एक चौकट असते आणि तिला म्हणतात बॉर्डर. मशीन सुरू करून नुसतं बी दाबलं तरी पडद्यावर अख्खा शब्द उमटतो, बॉर्डर. बेळगावच्या माणसाला ह्याचं हसू येणारच. पुढे आकडा घालायचा, शून्य ते सात, की बॉर्डरचा रंग बदलतो. एका बटणावर.

काकांच्या मनात बॉर्डरचा अर्थ तिसराच होता. काठ. साडीचा काठ. प्रोग्रॅमने विचारलं, "रुंदी किती?" रोमन लिपीत, पण मराठीतच. मी आठ दिले. पडद्यावर खालून वर एक काठ विणला जाऊ लागला, एकेक ओळ, टक टक टक, मध्ये रुईफुलासारखं काहीतरी, दोन्ही बाजूंना दातेरी कड. स्पेक्ट्रमचा पडदा आठ बाय आठच्या चौकोनांचा असतो आणि एका चौकोनात दोनच रंग मावतात, एक पुढचा आणि एक मागचा. गेम बनवणाऱ्यांनी ह्या नियमाला त्या काळात बेसुमार शिव्या घातल्या आहेत, कारण हिरो लाल भिंतीजवळून गेला की तोही लाल होतो. काकांच्या काठात एकही रंग सांडला नव्हता. ताणा एका रंगाचा, बाणा एका रंगाचा, जिथे जो वर तो दिसतो. विणकराच्या पोराला हे कुणी शिकवावं लागलं नसणार. मी प्रोग्रॅमच्या ओळी उघडून बघितल्या. बुट्टीचं प्रत्येक फूल शून्य आणि एक मांडून लिहिलेलं, आठ ओळींत आठ-आठ, नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाच्या पुठ्ठ्यावर भोक आहे किंवा नाही तसं. मध्ये एका शेऱ्याच्या ओळीत: इथे हात लावू नये. दोन ओळींनंतर परत: तरीही लावलास तर टेप आहे. हे स्वतःलाच लिहिलेलं असणार. त्या घरात दुसरं कोण हात लावणार होतं?

मी एकेक कॅसेट लॅपटॉपवर घेऊ लागलो. आठ झाल्या. नववी, पदर मोर, दर वेळी अर्ध्यात मान टाकायची, काकांच्या टेपवरही. तिच्यावर काम चालू असतानाच काकूंचा फोन आला. भंगारवाल्याकडून नंबर घेतला म्हणाल्या. माझ्या हातातला स्पिरिटचा बोळा तसाच राहिला. कळलं असणार. लेकीने किंवा जावयाने नेटवर बघून किंमत सांगितली असणार. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो तोवर त्या म्हणाल्या, "ते मिशन राहू दे तुला. खरं त्याच्यासंगट टेप दिला का न्हाई, तो तेवढा परत मिळंल काय? तो माझा हुता रे. आईनं लग्नात दिलेला."

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेप पिशवीत घालून टिळकवाडीत गेलो. दुसऱ्या खिशात एक पाकीट होतं. त्यात किती घातले ते सांगत नाही, पण रात्रभर कमीजास्त करत होतो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत तुळस, आत नातीची सायकल. काकूंनी टेप मांडीवर घेतला, पदराने पुसला, आणि बटणं एकेक दाबून बघितली, जशी भाजीवालीकडे गवार मोडून बघतात. मग उशाच्या कपाटातून एक कॅसेट काढली. कुमार गंधर्वांची भजनं. "आपले सुळेभावीचे," त्या म्हणाल्या. इथले लोक हे सांगितल्याशिवाय त्यांची कॅसेट लावत नाहीत. प्ले दाबलं. नवा पट्टा, वेग नेमका. मी आतून खूश होतो. काकूंचं तोंड मात्र पडलं.

"तसंच आहे," त्या म्हणाल्या.

"काय तसंच?"

"गोधडीत तोंड खुपसून गायल्यागत. ऐक की तू. तानपुरा आहे काय त्यात कुठं? नुसतं गूं गूं. पयलं असं नव्हतं. ह्यांनी तो स्क्रू फिरवल्यापासून कुमारांचा आवाज बसला तो बसलाच. पुण्याच्या कुणीतरी दोस्तानं कसली कॅसेट दिली, ती त्या मिशनला लागंना, म्हणून रात्री बाराला माझा टेप उघडून बसले. लागली. मग तो हलू नये म्हणून माझंच नेलपेंट घेतलं आन वर थेंब सोडला. बाटली तशीच उघडी टाकून दिली, वाळून गेली. नवी हुती." जरा थांबून म्हणाल्या, "तीस-पस्तीस वर्षं मी अशीच ऐकली. किती वेळा सांगितलं, सरळ करा. म्हणायचे, मोर होऊ दे, मग करतो."

"मोराची कॅसेट लागत नाही काकू. बाकीच्या सगळ्या लागल्या."

"त्यांनाबी कधी लागली न्हाई. मान वाकडी यायची मोराची." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "लागल्या? म्हंजे चालतंय काय रे ते?"

"चालतं," मी म्हणालो. पाकीट काढून समोर ठेवलं. "काकू, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्याचे पैसे जास्त व्हायला पाहिजे होते."

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. "आन मी दोनशे कमी केले," त्या म्हणाल्या. "खुळीच की मी." पाकीट न मोजता त्यांनी देवाच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याखाली सरकवलं. मग काहीतरी आठवून हसायला लागल्या. त्या काठाची एकच साडी काकांनी विणली होती म्हणे. पडद्यावर दिसतं तसंच हवं हा हट्ट, आणि त्या मशीनमध्ये काळा-पांढरा धरून रंग आठच. त्यांत भगवा नाही, नारिंगी नाही, आमसुली नाही. काकांनी लाल आणि पिवळा निवडला, नेमके कानडी झेंड्याचे रंग. "नेसून दाराबाहेर पडले, तर समोरची म्हणती, राज्योत्सवाला चाललासा काय वो? परत नेसली न्हाई. लेकीला दिली, तिनं पडदे केले." गॅलरीच्या दारावर ते पडदे होते. मी तासभर त्यांच्यासमोर बसलो होतो. उठून जवळ जाऊन बघितलं. दातेरी कड, रुईफूल, आठ बाय आठ. उन्हाने लाल विटून गाजरासारखा झाला होता. आता खरंच थोडा भगव्याकडे झुकला होता, पण ते मी बोललो नाही.

"बघूलास काय तिथं? सरळ कर की हे," काकू म्हणाल्या.

छोटा पेचकस माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला कायम असतो. टेपचं झाकण काढलं, कॅसेट तशीच चालू ठेवली. लाल थेंबावर टोक टेकवून किंचित दाब दिला. तो मऊ असेल असं का कोण जाणे मला वाटलं होतं. काचेसारखा तडकला आणि कपचा उडून कुठे गेला ते दिसलं नाही. मामांच्या भाषेत पाव आटा, त्याहून जास्त फिरवायचं नाही. बेकरीतलं वाटतं ऐकायला, पण स्क्रू फिरवायचं माप तेच आहे. मी डावीकडे घेतला तर कुमार आणखी खोल विहिरीत गेले. "न्हाई न्हाई," काकू म्हणाल्या. उजवीकडे घेतला, अगदी केसभर. आवाजाच्या कडा दिसायला लागल्या. आणखी केसभर, आणि तबल्याची चाट वेगळी झाली. काकू डोळे मिटून पुढे वाकल्या होत्या, एक बोट वर. आणखी. आणि मग मागून कुठूनतरी तानपुरा उगवला, जवारीसकट, झणझणीत, इतका जवळ की आतल्या खोलीतून नात बाहेर आली.

"बास," काकू म्हणाल्या. "हितंच. हलवू नको."

मी पेचकस तसाच धरून बसलो. हात काढला तर स्क्रू हलेल अशी भीती वाटत होती, आणि तो हललाच असता, सैल झाला होता. काकूंनी नातीला काहीतरी सांगितलं. ती आत जाऊन एक बाटली घेऊन आली, हिरवीगार, चमकी घातलेली, जत्रेत मिळते तशी. तिनेच ब्रश बुडवला आणि जीभ दाताखाली धरून नेमका स्क्रूवर थेंब सोडला. गाणं चालू होतं. काकूंनी मांडीवरचा टेप किंचित वर उचलला, आणि वाकून त्या हिरव्या थेंबावर हलकी फुंकर मारली.